मागच्या डाव्या चाकावरचा आवाज

मी एक जुना शॉकअप आहे, मित्रांनो. पिवळ्या, बुटक्या, दोन दारांच्या एका स्पोर्ट गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर माझी सगळी उमर गेली. आता मी त्याच गाडीच्या डिकीत गोणपाटात गुंडाळून पडलो आहे. इथे अंधार असतो आणि वाळलेल्या भाकरीचा वास असतो. ती भाकरी इथे कुणासाठी ठेवली जायची, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

दिसायला मी अगदी साधा. एक लोखंडी नळी, नळीत तेल आणि तेलात वरखाली होणारा एक दांडा. चाक खड्ड्यात आदळलं की स्प्रिंग उड्या मारायला लागते. तिची उडी अडवायची आणि चाक रस्त्याला टेकवून धरायचं, हे माझं काम. कारखान्यात माझ्याबरोबर माझा जोडीदार घडला. त्याला उजवं चाक मिळालं, मला डावं. आम्ही एकमेकांना कधी दिसलो नाही. पण त्याच्या बाजूला बसलेला हिसका गाडीच्या अंगातून माझ्यापर्यंत यायचा आणि माझा त्याच्यापर्यंत जायचा.

पहिली काही वर्षं पुण्यात गेली. गाडीच्या मालकाकडे सोमनाथ नावाचा ड्रायव्हर होता, धारूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मालकाने नवी मोठी गाडी घेतली, तेव्हा सोमनाथने ही जुनी झालेली गाडी स्वतःसाठी मागून घेतली. ती घेऊन तो गावी आला, त्या दिवशी पाराजवळ ही गर्दी जमली.

"मेंढरामागं हिंडणाराच्या पोराला स्पोर्टची गाडी, बे!" कुणीतरी म्हणालं.

"गाडी कुठं हाय ती? बेडूक हाय. फुडच्या गतिरोधकावर पोट घासून मरतंय बघ."

सोमनाथ हसला. त्या गतिरोधकावरून त्याने गाडी तिरपी घातली, एक एक चाक हळू उतरवलं, आणि पोट घासू दिलं नाही. असा माणूस होता तो. रविवारी तो आम्हाला धुवायचा. सगळे चाकांवर पाणी मारून मोकळे होतात. हा खाली वाकून माझ्या अंगावरचा चिखलसुद्धा बोटाने काढायचा.

बायकोला, बबिताला, त्याने पडीक रानात गाडी शिकवली. ती आत बसलेली आणि हा मागे पायी चालतोय. डिकीवर, अगदी माझ्या डोक्यावर, दोन थापा मारायचा. ठक ठक. म्हणजे, चल. पुढे तीच त्याची सवय झाली. बबिता दिंद्रुडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली. रोज सकाळी ती निघाली की हा दोन थापा द्यायचा आणि मगच गाडी अंगणातून हलायची. त्यांची सुकन्या तेव्हा आईच्या मांडीवर होती.

मग एका वर्षी काविळीने सोमनाथ गेला. गाडीत नाही, घरात. त्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात बबिताने किल्ली उचलली, कारण लॅबचं काम सोडून चालणार नव्हतं. त्या सकाळी ती स्टेअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून होती. थापा पडल्या नाहीत. शेवटी ती तशीच निघाली.

माझं तेल झिरपायला लागलं ते त्यानंतर. दांड्याभोवतीचं रबर फाटलं, वरच्या टोकाचं बूश नावाचं रबरी कडंही झिजलं. एका सकाळी गतिरोधक ओलांडताना मी दोनदा वाजलो. ठक ठक.

आता चार-पाच वर्षांची झालेली, आईबरोबर दिंद्रुडच्या शाळेत जाणारी सुकन्या मागच्या सीटवर ताडकन उठून बसली.

"मम्मी, पप्पा!"

बबिताने ब्रेक मारला. मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

मित्रांनो, तो मी होतो. एक झिजलेला शॉकअप. पण मला तोंड नाही, सांगणार कसा? त्या दिवसापासून प्रत्येक खड्ड्यावर सुकन्या टाळी वाजवायची. शाळेत काय झालं ते मागे वळून डिकीला सांगायची. सोमनाथची आई रतनबाई अमावस्येला भाकरीचा तुकडा आणून डिकीत, माझ्या बाजूला ठेवू लागली.  आणि मी पाहिलंय, खड्डा चुकवता येत असतानाही बबिता कधी कधी चुकवायची नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. गाडी उभी असली की मी वाजूच शकत नाही. तरी दुपारी शेडमध्ये रतनबाई यायची, डिकीला कान लावायची आणि मधे मधे "हं... हं..." करायची. ती कुणाला हुंकार देत होती? मी तर तिथेच होतो. मला काही ऐकू आलं नाही. पण माझ्या जवळचा पत्रा उन्हाळ्यातही गार लागायचा.

तेल संपत गेलं, तसं चाक माझ्या हातात राहीना. धारूरचा घाट रोजचा. वळणावर गाडीचं मागचं अंग तरंगायचं. आणि तोडणीच्या दिवसांत एका सकाळी ते झालंच. आम्ही घाट उतरत होतो. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वर येत होता. बबिताने गाडी कडेला घेतली, ऐन वळणात एक उंचवटा आला, चाक उडालं आणि खाली टेकेचना. मी दांडा आवळला. आत आवळायला काही नव्हतं. गाडी फिरली आणि दरीच्या कठड्याला गाल टेकवून थांबली.

सगळीकडे धूळ. आणि मागून सुकन्याचं हसू.

"मम्मी, पप्पांनी धरलं! आवाज आला का तुला?"

बबिताने मागे वळून पाहिलं. लेकीच्या पलीकडे दरी होती.  त्या दिवशी ती लॅबला गेलीच नाही. गाडी वळवून हळूहळू वर आणली आणि सरळ भगवानराव मेस्त्रींच्या गॅरेजात लावली. कळल्यावर रतनबाईही तिथे आली.

भगवानरावांनी माझ्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती. ती झुलतच राहिली.

"बबिताताई, हे काय शॉकअप हाय व्हय? पाळणा हाय. कावून थांबल्या इतके दिवस?"

बबिताने सासूकडे पाहिलं. सासूने जमिनीकडे.

"यात तेल भरून मिळंल का?" बबिताने विचारलं.

"भरून देणारे लई हायेत. दिवाळीपातुर टिकंल, मग पुन्हा हेच. भंगारातली जोडी मिळंल, पर ती आदळलेल्या गाडीची असती, तिच्या आत काय झालंय कुणाला दिसतंय? आन् हे एक बघा, स्पोर्टचे. लई कडक. महाग बी हायेत."

"गाडी स्पोर्टची हाय ना पण?"

"गाडी हाय. पर तुमाला काय दिंद्रुडला रेस लावायचीय? तुमचा रोजचा रस्ता, मागं लेकरू. कडक घातले तर पोरीचे दात वाजतेल. साधेच घ्या, कंपनीचे, नवे. बूश बी नवे घालू. स्वस्तात बसतंय आन् चाक जमीन सोडत न्हाई."

"मेस्त्री," रतनबाई हळूच म्हणाली, "उजवा बदला. ह्यो डावा ऱ्हाऊ द्या."

"आजी, एकच बदलला तर गाडी लंगडती. ह्ये जोडीनंच बदलावं लागतंय."

"वाजतोय तवर ऱ्हाऊ द्या म्हणते म्या! माजा ल्योक हाय त्यो. आज बी त्यानंच धरलं पोरीला."

 बबिता सासूजवळ गेली. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्या, त्यांनी धरलं न्हाई. मी मागं बघितलं. आपली पोर दरीवर होती." तिचा आवाज फाटला. "ते असते, तर अशा गाडीत पोरीला बसू दिलं असतं का त्यांनी? सांगा तुमीच."

रतनबाईने पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "काढा."

भगवानरावांनी मला काढलं, उजवीकडून माझ्या जोडीदारालाही काढलं. आम्ही पहिल्यांदाच एकमेकांशेजारी पडलो. तो माझ्यासारखाच तेलकट आणि रिकामा होता. त्याला भंगाराच्या ढिगात टाकलं. मला मात्र रतनबाईने उचललं, गोणपाटात गुंडाळलं आणि डिकीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाट उतरलो. नव्या जोडीने प्रत्येक खड्डा गिळला. वळण आलं, गाडी जमिनीला धरून गेली. कुठेच काही वाजलं नाही. सुकन्या सीटला कान लावून ऐकत होती. घाट संपला, सपाट रस्ता लागला, गतिरोधक आला आणि गेला.

"मम्मी, पप्पा उतरले का?"

बबिताने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"हो."

"मला न सांगता?"

आजवर बबिता लेकीसमोर रडली नव्हती. त्या दिवशी ती सीटवरून मागे आली, लेकीला कुशीत घेतलं आणि रडली.

"मला बी न्हाई सांगितलं गं," ती म्हणाली. "मला बी न्हाई."

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतून नवा आवाज आला तर त्याचा लाड करू नका. आधी तपासून घ्या, आणि बदलायचं ते वेळेवर, जोडीने बदला. गेलेल्या माणसाची आठवण तुमच्याजवळ असू द्या, ती लोखंडावर सोपवू नका. आम्हाला भार पेलता येतो, माणूस पेलता येत नाही.

आता माझ्यावर काहीच काम नाही. गाडी माझ्याविना नीट चालते, आणि ते बरंच आहे. पण घाटातलं ते वळण आलं की गोणपाटात पडल्या पडल्या मी अजूनही दांडा आवळतो. आत तेलाचा थेंब नाही. तरी आवळतो. मागच्या सीटवर लेकरू असतं ना.