रबरी सोल

पाचला कार्यक्रम, आणि सव्वाचारला टीचरच्या लक्षात आलं की आपला पाय वळतच नाहीये. साल्साची गिरकी घ्यायला गेली, तर अंग फिरलं आणि पाय राहिला तिथेच. गुडघ्यातून अशी कळ गेली की ‘आई गं!’ म्हणत तिने आरशाची चौकट धरली. पाय उचलून बघते तर काय, बुटाखाली काळंभोर रबर!

नाचाच्या बुटाला खाली मऊ, लवदार चामडं लागतं. हवं तेवढंच सरकणारं. रबर लावायचं म्हणजे भोवरा चिखलात फिरवायचा. बरं, हे माहीत नसलेल्या कुणी केलं असतं तर एकवेळ ठीक. सोल बदलला होता तिच्या सख्ख्या नवऱ्याने! त्याचं बूट-दुरुस्तीचं दुकान हॉलच्या बरोबर खाली, आणि वीस वर्षं तिचा नाचातला जोडीदारही तोच होता. सकाळी त्याने बूट कागदात गुंडाळून दिले होते, मान वर न करता.

हॉलमध्ये माणसं जमायला लागली होती. दाताचे डॉक्टर, म्हणजे तिचे हल्लीचे जोडीदार, कोपऱ्यात एकटेच साल्साचे ठोके, चौथा वगळून, मोजत होते, “एक-दोन-तीन, पाच-सहा-सात...”

“टीचर, गिरकी एकदा करून बघू या?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सगळे चा-चा-चा करा तोवर!” ती खेकसली. “आणि पाय घासल्याचा आवाज आला पाहिजे. त्या आवाजावरूनच नाव पडलंय नाचाचं, उगाच नाही!” संतापातसुद्धा बाईचं शिकवणं सुटत नव्हतं. बूट हातात घेऊन ती अनवाणीच जिना उतरली. अठरा पायऱ्या.

या अठरा पायऱ्या नवरा दोन वर्षांत चढला नव्हता. सांडलेल्या पाण्यावरून घसरला, कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा. वर हॉलमध्ये तो तिला ‘तू’ होता. घरी ‘अहो’, फ्लोअरवर ‘अरे’, असा दोघांचा रिवाजच होता, कारण ‘अहो, वळा आता’ म्हणेपर्यंत ठोका निघून जातो. दोन वर्षं नुसतं ‘अहो’च चाललं होतं.

“हे काय करून ठेवलंत?” तिने बूट त्याच्यापुढे आपटले.

“रबर लावलं. पडू नयेस म्हणून.”

“खोटं बोलू नका! बाकीच्यांचे बूट तुम्हीच केलेत ना? त्यांना चामडं आणि मलाच रबर? डॉक्टरांना काय लावलंत?”

“चामडं. चांगलं गुळगुळीत.”

“म्हणजे ते पडले तर चालेल?”

त्याने मान खाली घालून एक खिळा ठोकला. तिला हसू येता येता राहिलं आणि त्याचाच जास्त राग आला.

“तुझी गिरकी मला खालून कळते गं,” तो हातोडी बाजूला ठेवत म्हणाला. “टाचेचा आवाज ओळखीचा आहे. आणि गिरकी संपली की हात त्या डॉक्टरचा असतो. जीव तुटतो माझा. म्हटलं, एक दिवस नाही फिरलीस तर काय बिघडतं? चुकलंच.”

“मग या ना वर! साल्सा नको, मेरेंगे करू. त्यात तर पायच ओढायचा असतो. त्या नाचाची गोष्ट...”

“पाठ आहे मला. दर बॅचला सांगतेस, छतातून ऐकू येते. कॅरिबियनमधल्या एका बेटावर लढाईत पाय जायबंदी झालेला गडी गावी परतला. तो लंगडत नाचायला लागला, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून सगळं गाव पाय ओढत नाचलं. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नाही.” त्याने डावा पाय हाताने सावरून घेतला. “पण त्या गड्याला कुणी विचारलं होतं का? आख्खं गाव आपल्यासारखं लंगडताना बघून त्याला काय वाटलं असेल?”

पंधरा वर्षं ती ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. आजचा शेवटचा नाच मेरेंगेच ठेवला होता आणि सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, ‘हे वर आले की सगळ्यांनी पाय ओढायचा.’ तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्याने चामडं कापायची रापी उचलली. “थांब. दहा मिनिटांत रबर काढून चामडं लावतो. पाचच्या आत वर जाशील.”

तिने बूट ओढून घेतले आणि पायात चढवले.

“राहू दे. आज मला गिरकी घ्यायचीच नाही.” मग हात पुढे करून म्हणाली, “चल. त्या गड्याला नसेल विचारलं कुणी. मी विचारते. येतोस?”

त्याने रापी खाली ठेवली. मग काउंटरला धरून उठला.

अठरा पायऱ्यांना सहा मिनिटं लागली. कार्यक्रमाच्या शेवटी मेरेंगे सुरू झालं, तो फ्लोअरवर आला, आणि ठरल्याप्रमाणे चौदाच्या चौदा विद्यार्थी लंगडायला लागले. सगळ्यांत जोरात दाताचे डॉक्टर.

“खबरदार!” तो गरजला. “सरळ नाचा सगळे! लंगडायला मी एकटा पुरेसा आहे.”

सगळे एकदम सरळ झाले. कुणीतरी खुदकन हसलं, आणि तोही हसला.

तो पाय ओढत नाचला, त्याच्या त्याच्या ठोक्यात. तिचंच काही जमेना. रबर फरशीला चिकटत होतं, पाय अडत होता. तिसऱ्या फेरीत ती ठेचकाळली आणि तोल गेलाच होता, तेवढ्यात त्याने तिची कंबर घट्ट धरली.

“सावकाश गं,” तो म्हणाला. “खाली रबर आहे.”