पुसलेल्या रेघा

"कुणी पुसलं हे?" बाबांनी विचारलं आणि मला कळलं, दिवसाचं मातेरं झालं.

सकाळी आम्ही दोघांनी माझ्या जुन्या गाडीचं बॉनेट काढलं होतं. बोल्ट सोडण्याआधी बाबांनी बिजागऱ्यांभोवती पेन्सिलीने रेघा मारल्या, म्हणजे परत लावताना जागा चुकायला नको. मग गादीवर उलटं ठेवून त्यांनी त्याचा पोचा काढला. उद्यापासून दुसऱ्या गावी माझी पहिली नोकरी. चारला निघायचं होतं. आणि लेक निघाली, तर बॉनेट आतूनही लख्ख हवं म्हणून आईने रॉकेलच्या बोळ्याने सगळं पुसून काढलं. रेघांसकट.

"बॉनेट म्हणजे परात वाटली का तुला?" मी आईवर खेकसले. तिने बोळा मुठीत दडवला. माझी मलाच लाज वाटली, पण राग काही उतरेना.

बाबा चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढणारे डेंटर होते. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. हात थरथरतात म्हणून, असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणजे त्यांनी बसवलेलं एक बॉनेट भर रस्त्यात उघडून काचेवर आपटलं. गिऱ्हाईक सात टाक्यांवर बचावलं. तेव्हापासून कुणाच्याही गाडीत बसले की बाबांची नजर बॉनेटवर खिळलेली असते. आणि आता हे पोटच्या पोरीचं.

"गॅरेजवाल्याला बोलावू का?" मी विचारलं.

बाबा बॉनेटच्या आतून बोट फिरवत होते. एकाएकी थांबले. "इथं हात लाव."

बिजागरीने इतक्या वर्षांत रंगात बारीक कड उमटवली होती. दिसत नव्हती, पण बोटाला लागत होती. आईचं रॉकेल तिथं हरलं होतं.

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आईने बॉनेट उचलून धरलं. बाबांनी चाचपत कडेला कड भिडवली, बोल्ट हलकेच फिरवले. "आता टेकवा. सावकाश."

डावा कोपरा मडगार्डला घासायला आला. "थांबा!" बाबा ओरडले. आम्ही जागच्या जागी. त्यांनी ते केसभर सरकवलं, मग दोन्हीकडच्या फटींतून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवला. सारखाच सरकला. बोल्ट आवळले, बॉनेट बंद केलं, खट्ट वाजलं. बाबांनी पुढची कड वर ओढली.

ती उचलली गेली. कुलूप अर्धंच लागलं होतं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी कुलूप थोडं वर घेतलं. मग दहादा लावलं, दहादा ओढून पाहिलं. हललं नाही.

साडेचारला मी चावी लावली, तर बाबा शेजारी येऊन बसले. "पहिले वीस किलोमीटर मी येतो. बसने परत फिरेन."

मागचं दार उघडलं. "पुसलं मी, तर मीही येणार," म्हणत आई बसली.

हमरस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला. बाबांची नजर बॉनेटच्या कडेवर. मला भीती वाटत होती आणि ती त्यांना दिसू नये असंही वाटत होतं.

वीस किलोमीटर झाले. "अहो, बस थांबते ती जागा मागे गेली," आई म्हणाली.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. ते बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते.