पेटीतलंच पाणी

मुलुंडच्या त्या घरात दुपारची सामसूम होती, तेवढ्यात माशांच्या पेटीतली गाळणी 'गुडुक' करून बंद पडली. मृणालिनी उठून पेटीपाशी आली. गेल्या महिन्यात तिनं हीच गाळणी नळाखाली धरून राखेनं लख्ख घासली होती, आतला कापूससुद्धा पांढराशुभ्र केला होता. चार दिवसांत तीनपैकी दोन मासे उलटे तरंगले. "म्हातारे झाले होते गं," असं तिनं लेकीला, उत्तराला, सांगितलं.

"वहिनी, ती काय पितळी आहे घासायला?" श्यामभावजींनी मागाहून कपाळाला हात लावला होता. "कापसावरच्या त्या बुळबुळीनंच पाणी निवळ राहतं, ती गेली की मासे मरतात. पेटीतल्याच पाण्यात नुसती विसळायची."

आज तिनं पेटीतलं पाणी बादलीत काढलं आणि कापूस त्यात हलकेच पिळला. राखेकडे वळणारा हात तिनं दोनदा आवरला. गाळणी पुन्हा बसवली, बुडबुडे उठले, आणि कोपऱ्यात निपचित पडलेला तांबडा मासा हळूहळू वर आला.

पाच वर्षांची उत्तरा काचेला नाक लावून बसली होती.

"त्याच्याच पाण्यात धुतलं, म्हणून आवडलं ना त्याला?"

"हो गं राणी."

उत्तरानं जरा विचार केला. "आई, मग मागच्या वेळी तू कुठल्या पाण्यात धुतलं होतंस?"