पोतं जातं तो भाग

“वाकड? वाकडले कोण राह्यते बे?” पावती फाडता फाडता नारायणरावांनी विचारलं.

खिडकीपुढे किराणावाला गोविंदा उभा होता. बिचारा पुण्याचं तिकीट काढायला आला होता आणि होणाऱ्या जावयाचा फ्लॅट वाकडला आहे, असं त्याच्या तोंडून निघून गेलं होतं.

“चांगला भाग हाये म्हणतात, भाऊ. मोठमोठ्या बिल्डिंगा हायेत.”

“बिल्डिंगा पाहून पोरगी देऊन राह्यला का? वाकडचं पोतं कधी चढवलं म्या गाडीत? कधीमधी एखांदं. म्हंजे तठचे पोट्टे बाजारातली डाळ खातात. मायबापाच्या घरचं त्यायले पचत नाई. अशा भागात देऊन राह्यला तू पोरीले.”

गोविंदा तिकीट खिशात घालून खालमानेनं निघून गेला. नारायणरावांनी पुढच्या माणसाकडे पाहिलं. एखाद्याचा आनंद असा चुटकीसरशी उतरवला की त्यांचा चेहरा जरा उजळायचा.

नांदुऱ्याच्या बसस्टँडसमोर, पुण्याला जाणाऱ्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात ते तिकिटांचं आणि पार्सलचं काम पाहत. ऑफिस म्हणजे पत्र्याचा गाळा, आत एक खुर्ची आणि एक काटा. दिवस कलला की गावातल्या आणि खेड्यांतल्या बाया पोती घेऊन यायच्या. तुरीची डाळ, ज्वारी, मुंगवड्या, कुरड्या, लोणच्याची बरणी. पोत्यावर पोराचं नाव, मोबाइल नंबर आणि पुण्यातला भाग लिहायचा. सकाळी गाडी त्या भागात पोचली की क्लीनर पोतं रस्त्याच्या कडेला उतरवतो आणि पोरगं डोळे चोळत स्कूटरवरून घ्यायला येतं.

नारायणरावांनी पुणं कधी पाहिलं नव्हतं. अकोल्याच्या पलीकडे ते एकदाच गेले होते, तेही एका लग्नाला वऱ्हाडी म्हणून. पण इतकी वर्षं पोत्यांवरची नावं लिहून त्यांनी आपलं एक पुणं तयार केलं होतं. जिथं जास्त पोती जातात तो भाग चांगला. तिथली पोरं मायबापाला धरून आहेत. जिथली पोती कमी झाली, तिथली पोरं बिघडली. इतका सोपा हिशोब, आणि त्यावर त्यांचा इतका विश्वास की समोरच्याला तोंड उघडायची सोय नसे.

लोकही विचारायला येत, हे त्याहून नवल. गावात तेव्हा हे एक नवंच खूळ शिरलं होतं. ज्याचा पोरगा पुण्याला, तो चहाच्या टपरीवर बसून पुण्याचा कोणता भाग उत्तम यावर बोलायचा. स्वतःच्या दारापुढची नाली वर्षानुवर्षं तुंबलेली, आणि गप्पा मेट्रोच्या. कुणाच्या मोबाइलमध्ये बिल्डरनं पाठवलेली चित्रं असत. त्यांत हिरवळीवर एक गोरं जोडपं एका गोऱ्या पोराला उडवत असे. बिल्डिंगीला कुठल्याशा परदेशी डोंगराचं नाव. ते नाव उच्चारताना ज्यांची जीभ अडखळायची, तेच लोक ती जागा पुढं कशी भाव खाणार हे छातीठोक सांगायचे. आणि शेवटी म्हणायचे, एकदा नारायणरावांना विचारून पाहू.

नारायणरावांचा मुलगा गोकुळ पुण्याला एका कंपनीत होता. लग्न झालेलं, भाड्याचं घर. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याचा फोन आला. नारायणरावांना मोबाइल कानाला लावणं जमत नसे. ते मोठा आवाज करून फोन समोर ठेवत आणि सभेत बोलल्यासारखे बोलत. शेजारी त्यांची बायको गीताबाई तांदूळ निवडत बसली होती.

“बाबा, दोन जागा पाह्यल्या,” गोकुळ म्हणाला. “एक वाघोलीले, एक मोशीले. मोशीचा फ्लॅट थोडा आत पडते. पण तेवढ्याच पैशात एक खोली जादा भेटते.”

“जादा खोली काय लोळाले पायजे? तुमी दोघंच त हाये.”

तिकडे मागून सुनेचा, अपेक्षाचा, दबका आवाज आला, “अहो, सांगा नं नीट.” गीताबाईचा हात सुपात थांबला.

“नाई, म्हंजे… असली त बरी राह्यते,” गोकुळ म्हणाला. “कोणी आलं-गेलं…”

“आलं-गेलं हॉलमध्ये झोपते. दोन दिवसाच्या पाहुण्यासाठी कोणी खोली घेते का? आन मोशीचं नाव काढू नको माह्यापुढं. वडनेरची सोजराबाई दर महिन्याले मोशीले पोतं लावे. आता वर्ष झालं, एक नाई. त्या एकटीचंच नाई, मोशीची बाकीची पोती बी एकेक करून बंद पडली. मायबापाले टाकून देल्लं त्या पोट्ट्यायनं. तसल्या शेजारात राहून तुमी काय शिकसान? वाघोलीले पाहा, रोज टपावर पोत्यायची थप्पी राह्यते. आन गाडी पुण्यात शिरते ते आधी वाघोलीलेच. आईनं पाठवलेलं गरम गरम भेटन.”

“पण बाबा—”

“पण-बिण काई नाई. वाघोली.”

“बरं,” गोकुळ म्हणाला.

लहानपणापासून तो बापापुढे एवढंच म्हणत आला होता. शाळा कोणती, कॉलेज कोणतं, लग्नाची तारीख कोणती, सगळ्याला ‘बरं’. गीताबाई फोनकडे पाहत थोडा वेळ थांबली. पोरगं अजून काही बोलेल असं तिला वाटलं. फोन बंद झाला तेव्हा तिनं पुन्हा सुपात हात घातला. नारायणराव मात्र खूश होते. संध्याकाळी खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की पोरगं मोशीच्या खड्ड्यात पडणार होतं, मी वाचवलं.

वाघोलीचा फ्लॅट ठरला, कर्ज झालं, कागद झाले. दिवाळी होऊन गेली. लग्नसराई लागली आणि एका संध्याकाळी सोजराबाई खिडकीपुढे येऊन उभी राहिली.

नारायणरावांनी तिला आधी ओळखलंच नाही. अंगावर तीच जुन्या वळणाची सुती साडी, पण खाली पायात पोरं घालतात तसे पांढरे बूट. खांद्याला चेनची पिशवी. नारायणरावांनी बुटांकडे पाहून नाक मुरडलं.

“कोठचं टिकीट?”

“मोशीचं द्या, भाऊ.”

“पोरानं बोलावलं, का तुमीच जाऊन राह्यल्या?” त्यांनी आवाजात जमेल तेवढी कीव आणली.

“बोलावते काऊन? घरीच त जाऊन राह्यली. भाचीचं लगन होतं, म्हणून आली होती.”

“घरी म्हंजे?”

“दीड वर्ष झालं, आमी तठीच राह्यतो. मी आन हे, दोघंबी. घराले कुलूप लावलं, वावर बटाईनं देल्लं. याईचं त आता वडनेरले चित्तच लागत नाई. सक्काळी बगीच्यात चालाले जातात. तठी मोताळ्याचे, खामगावचे, आपल्याच बाजूचे लय बुढे जमतात. मलेबी पोरानं हे बूट आणून देल्ले, गुडघ्यासाठी.”

नारायणरावांच्या हातातला पेन थांबला. “मंग पोती काऊन बंद केली?”

सोजराबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. एवढा मोठा माणूस हे काय विचारतो, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“पोतं पाठवन कोण, भाऊ? पाठवणारीच तठी जाऊन बसली. मुंगवड्या आता मी तठच्या गच्चीवरच घालतो. आमच्या बिल्डिंगीत सगळ्यायचं असंच हाये. पोट्ट्यायनं म्हणूनच त लांबचं घेतलं. जवळ घेतलं असतं त एका खोलीत मायबापाले कोठी ठेवलं असतं?” तिनं तिकीट घेऊन पिशवीत ठेवलं. “तुमच्या गोकुळनं घेतलं म्हणतात नं वाघोलीले? किती खोल्या?”

“एक. हॉल आन एक खोली.”

“बरं हाये,” सोजराबाई म्हणाली. “दोघांले पुरते.”

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती जाऊन बाकावर बसली आणि लाडवाचा डबा सांभाळत गाडीची वाट पाहू लागली. मागची बाई काट्यावर पोतं ठेवून ‘वाघोली’ म्हणाली. नारायणरावांनी ते नाव लिहिलं.

घरी आल्यावर जेवताना त्यांनी गीताबाईला सांगितलं. तिनं त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि ती पुन्हा तव्याकडे वळली.

“तुले माहीत होतं?”

“जादा खोली म्हणत होतं पोरगं. नवरा-बायकोले जादा खोली कायले लागते? सून मांगून सांगून राह्यली होती, नीट सांगा म्हणून. बहिऱ्यालेबी समजलं असतं.”

“मंग तू काऊन नाई बोलली?”

“तुमी बोलू देता कोणाले? मले वाटलं, तो अजून एकडाव म्हणन. त्यानं काई म्हटलंच नाई. तुमी पोत्यावरून माणूस ओळखता. घरातलं माणूस ओळखाले मी पोतं कोठून आणू?”

नारायणरावांना गोकुळचा राग आला. सरळ बोलायला काय झालं होतं, जीभ नव्हती का? ज्या माणसानं पोराचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, त्याला आता ते पोरगं वकिलासारखं बोलायला हवं होतं. पण हा राग टिकला नाही. गीताबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, तेव्हा त्यांना आठवलं की गेली दोन वर्षं ती अशीच उठते आहे, आणि हे आपण कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना खरोखर लाज वाटली.

“फोन करू का त्याले? बदलता येते का पाहू,” ते म्हणाले.

“घर म्हंजे काय अंगरखा हाये, बदलाले? जेवा.”

पौषाच्या आधी गृहप्रवेश झाला. दोघं आपल्याच ट्रॅव्हल्सनं गेले. सोबत पोतं आणि थंडी असेल म्हणून दोन गोधड्या. फ्लॅट चकचकीत होता. पाय ठेवायला भीती वाटावी अशी फरशी, आणि भिंती इतक्या जवळ की चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं बाहेर थांबावं. पूजा आटोपल्यावर अपेक्षानं हॉलमधला टीपॉय उचलून सज्जात नेला आणि गाद्या टाकल्या. गोकुळ बापाच्या उशीशी येऊन उभा राहिला.

“बाबा, इठी जमन नं तुमाले?”

“जमन काऊन नाई? दोन दिवसाचा पाहुणा मी.” असं ते बोलून गेले आणि मग त्यांनी पोराकडे पाहायचं टाळलं.

सकाळी हॉर्नच्या आवाजानं ते उठले. त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घर अगदी मोक्याच्या जागी होतं; गाडी खिडकीखालीच थांबली होती. क्लीनर भराभर पोती उतरवत होता. स्कूटरवरून पोरं येत होती, अर्ध्या चड्डीत, डोळ्यांत झोप घेऊन, नाव वाचून आपापलं पोतं उचलत होती. नारायणराव खिडकीत उभे राहून बराच वेळ पाहत होते. दूधवाले आले, कामाला जाणारे निघाले, शाळेच्या गाड्या गेल्या. सबंध रस्त्यावर एकही म्हातारा माणूस त्यांना दिसला नाही.

“चांगला भाग हाये,” मागे येऊन उभ्या राहिलेल्या गोकुळला ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खालच्या आवाजात बोलत होते.

“हाव, बाबा,” गोकुळ म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दोघं नांदुऱ्याला परत आले. नारायणराव खिडकीवर बसू लागले. कुणी पुण्याचा भाग विचारला तर ते म्हणत, म्या एकच पाह्यला बुवा, तोही खिडकीतून, आणि पावती फाडून देत. लोकांना ते आवडलं नाही. पोराचा फ्लॅट झाल्यापासून माणूस शिष्ट झाला, असं टपरीवर ठरलं.

त्या रविवारी चांगलं ऊन पडलं होतं. गीताबाईनं अंगणातल्या दोरीवर गोधडी वाळत टाकली. नारायणराव ओट्यावर दाढी करत बसले होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं.

“तुही गोधडी कोठी हाये?”

“वाघोलीले.”

“इसरली? क्लीनरले सांगतो, येताना तो घेऊन येईन. गोकुळले फोन केला की खाली आणून देते.”

“इसरली नाई,” गीताबाई म्हणाली. “त्याईच्या पलंगाखाली सारून आली. सुनेले सांगतलं, राहू दे म्हणून.”

“थंडीत काय पांघरशीन मंग?”

“पाहू. एखांदं लुगडं दुमडून घेईन. ते नका आणू. माहं एवढं तरी राहू द्या तठी.”

नारायणरावांनी वस्तरा खाली ठेवला. गीताबाईनं दोरीवरच्या गोधडीचा दुमडलेला काठ ओढून सारखा केला. नेहमीप्रमाणे तिनं ती दोरीच्या एका टोकाला टाकली होती. शेजारची तिच्या गोधडीची जागा तशीच मोकळी ठेवून ती चहा ठेवायला आत गेली.