केशर माझ्याविरुद्ध बोलली

मित्रांनो, संगमनेरजवळच्या आमच्या गावात मला कुणी मोटार म्हणत नाही. सगळे ‘बोट’ म्हणतात. आहेच मी म्हातारी, लांबलचक अमेरिकन गाडी. गावच्या वेशीतून वळताना मला पुन्हा पुन्हा मागेपुढे व्हावं लागतं, आणि तेवढ्यात पारावरची माणसं विडी पेटवून माझी गंमत बघून घेतात.

माझा जन्म डेट्रॉइट शहरातल्या एका कारखान्यात झाला. ज्या हातांनी माझी दारं बसवली, ते हात मला क्षणभर लागले आणि पुढच्या गाडीकडे वळले. मग जहाज आलं, समुद्र आला आणि मी हिंदुस्थानात उतरले. नाशिकच्या एका डॉक्टरांनी मला घेतलं. काही वर्षं त्यांनी मला फार मिरवलं. पुढे त्यांचं मन छोट्या गाडीवर बसलं आणि मी बंगल्यामागच्या पत्र्याखाली पडून राहिले. माळ्याच्या कोंबड्यांनी माझ्या मागच्या सीटवर अंडी उबवली. पिल्लं गोड होती, पण मित्रांनो, मोटारीला चाकांखाली रस्ता हवा असतो.

तिथून मला काकासाहेबांनी सोडवलं. काकासाहेब म्हणजे प्रवरेकाठचे ऊस बागायतदार. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, आणि यंत्र दिसलं की लहान मुलासारखे हरखणारे. त्यांनी माझं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. दर रविवारी ते पोतं अंथरून माझ्याखाली उताणे झोपत. त्यांच्या पत्नी रतनबाई चहा घेऊन आल्या की त्यांना नवऱ्याचे फक्त पाय दिसत. त्या पायांशीच त्या बोलत.

माझं स्टेरिंग डाव्या बाजूला आहे. त्यामुळे पुढची बैलगाडी ओलांडायची तर समोरचा रस्ता काकासाहेबांना दिसत नसे. उजवीकडे रतनबाई बसत. त्या मान बाहेर काढून सांगत, “या, या, मोकळं हाय.” कधी म्हणत, “थांबा, यष्टी आली.” असा आमचा तिघांचा संसार चालला होता.

त्यात चौथी आली केशर. ती काकासाहेबांची सून, फौजेतल्या मुलाची बायको. माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. तिला शिकायची फार हौस होती. भावकीतले लोक म्हणाले, “सुनेला कॉलेजात धाडून काय करायचंय?” दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेबांनी माझं मागचं दार उघडून धरलं आणि केशर पुस्तकं घेऊन आत बसली. तेव्हापासून मी तिला संगमनेरच्या कॉलेजात सोडू लागले.

ही गोष्ट मोठ्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यातली आहे. त्या वर्षी अरबांनी तेल आखडलं होतं आणि पेट्रोल एकदम महागलं होतं. कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठरली. विषय होता, ‘अमेरिकेचे मोटार कारखानदार जपानी कारखानदारांपुढे टिकणार नाहीत’. कोणी कोणत्या बाजूने बोलायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.

त्या दिवशी केशर गाडीत बसली. कालव्याच्या पुलापर्यंत तिने एकही पुस्तक उघडलं नाही.

काकासाहेबांनी विचारलं, “काय निघालं गं चिठ्ठीत?”

“मामा, मी नाव काढून घेते.”

“का?”

“टिकनार न्हाईत, असं बोलायचं आलंय. ह्याच गाडीतनं जायचं आन् हिलाच नावं ठेवायची. मला न्हाई जमायचं.”

काकासाहेबांनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. मला वाटलं, ते माझी बाजू घेणार. पण ते पोट धरून हसले.

“अगं, हिच्या खोडी माझ्याइतक्या कुनाला ठाव हाईत? ऐक. पेट्रोल पिती ती हत्ती पानी पितो तशी. वळायला आख्खं वावर लागतं. बारकी नळी गेली तरी मुंबई गाठावी लागती. चढ आला की तापती.”

रतनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “अवो, ती ऐकती हाय.”

“ऐकू दे की. खोटं सांगतो का काय मी?”

मित्रांनो, त्या दिवशी सपाट रस्त्यावरही माझं पाणी उकळलं. रुसायची दुसरी रीत मला येत नाही.

पुढे रोज जाता-येता तेच चाललं. केशर कॉलेजच्या वाचनालयातून नवनवी माहिती काढून आणायची. जपानी लोक गाडी लहान करतात, वजन कमी ठेवतात. तिथल्या काही कारखान्यांत म्हणे साधा कामगारसुद्धा दोष दिसला की काम थांबवू शकतो. मला ते हात आठवले, जे थांबले नव्हते. काकासाहेब मुद्दाम अमेरिकेची बाजू घेऊन तिच्याशी भांडत. “जपानकडं लोखंड न्हाई, तेल न्हाई. तो काय टिकनार?” केशर उत्तर द्यायची. उत्तर लंगडं पडलं की ते म्हणत, “न्हाई पटलं. परत सांग.” एकदा दोघं एवढ्या जोरात भांडत होते की, रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं रतनबाईंना विचारलं, “सासरा सुनंला रागावतोय व्हय?” रतनबाई म्हणाल्या, “न्हाई बाई, जपान आन् अमेरिका भांडत्यात.”

स्पर्धेच्या दिवशी काकासाहेबांनी मला धुऊन, पुसून लख्ख केलं आणि सभागृहाच्या खिडकीजवळ उभं केलं. झाडाला कर्णा बांधला होता, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. भावकीतली माणसंही आली होती. सून बोलताना अडखळते कुठे, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

आधी नगरहून आलेला श्रीमंत नावाचा मुलगा बोलला. आवाज खणखणीत, बोलणं गोड. अमेरिकेच्या खाणी, तिथले रुंद रस्ते, तिथला पैसा, सगळं त्याने छान मांडलं. शेवटी त्याने खिडकीबाहेर हात केला. “माझा सर्वांत मोठा पुरावा बाहेर उभा आहे. माझ्या प्रतिस्पर्धी ताई ज्या गाडीतून आल्या, ती अमेरिकन आहे. इतकी वर्षं झाली, अजून धावते. आता ताईंनीच सांगावं, ही गाडी टिकली की नाही?”

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर फार बरं वाटलं. मग केशर उठल्याचा आवाज आला आणि मला माझ्याच आनंदाची लाज वाटली.

ती बोलू लागली.

“ती गाडी टिकली, हे खरं आहे. मी सांगते ती का टिकली. माझे सासरे दर रविवारी तिच्याखाली झोपतात, म्हणून टिकली. तिचे सगळे दोष त्यांना पाठ आहेत, आणि तरी त्यांचा तिच्यावर जीव आहे. पण कारखानदाराने गिऱ्हाइकाच्या जिवावर गाडी विकू नये. उद्याच्या गिऱ्हाइकाला रविवारी गाडीखाली झोपायचं नसेल. त्याला कामावर जायचं असेल, आणि पेट्रोल परवडायला हवं असेल. त्याला जपानी गाडी आवडेल.”

कर्ण्यातून कागद उलटल्याचा आवाज आला आणि ती पुढे म्हणाली,

“जपानकडे तेल नाही, असं म्हणतात. माझं माहेर पाथर्डीकडचं. गेल्या दुष्काळात माझ्या आईने एका हंड्यात अख्खं घर चालवलं. भाजी धुतलेलं पाणी ती वासराला पाजायची. नदीकाठच्या बाईला ही रीत सुचणार नाही, कारण तिला तशी वेळच आली नाही. ज्याच्या घरी तुटवडा असतो, तोच काटकसर शिकतो. आता सगळ्या जगाला तेलाचा तुटवडा आला आहे. आधी शिकलेला पुढे जाणार. अमेरिकेने लहान गाडी करायला शिकावं, मीही खूश होईन. पण भरल्या नदीकाठी बसून ते शिकता येत नाही.”

पहिली टाळी कोणाची, ते मला बाहेरून दिसलं नाही. पण उसाच्या मोळ्या उचललेल्या रुंद पंजांची टाळी मी ओळखते. मग एवढा गजर झाला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. परीक्षकांनी केशरला पहिलं बक्षीस दिलं, एक मोठी लाकडी ढाल. श्रीमंत बाहेर येऊन माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, पुरावाच माझ्यावर उलटला.” भावकीतले एक जण काकासाहेबांना म्हणाले, “सून बोलती चांगली.” काकासाहेब फक्त म्हणाले, “व्हय.” पण त्यांचं धोतर धुळीत लोळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

आणि मित्रांनो, माझा राग? तो कधीच गेला होता. माझ्याबद्दल एवढं खरं आणि एवढं मायेनं कुणी बोललं नव्हतं.

परत येताना ऊस तुटून मोकळ्या झालेल्या वावराजवळ काकासाहेब थांबले आणि खाली उतरले.

“केशर, हिकडं ये. बस स्टेरिंगवर.”

“मी? मामा, मोडली बिडली तर?”

“हिच्या खोडी तुला माझ्यावानी पाठ झाल्यात. आता चालवायलाबी शीक.”

ती बसली. तिने स्टेरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी एक हिसका दिला आणि बंद पडले. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. मागे रतनबाई ढाल छातीशी धरून म्हणाल्या, “हळू गं माय, हळू.” काकासाहेब म्हणाले, “पडू दे बंद. परत चालू कर.” तिने परत चालू केलं. मी हिसका गिळला आणि उसाच्या वाळल्या पाचटावरून करकरत निघाले. केशर हसू लागली, मग रतनबाई, मग काकासाहेब, आणि त्या हसण्यात माझं इंजिन कुणाला ऐकूच येईना.

आता मी फारशी धावत नाही. रस्त्यावर लहान गाड्या आल्या आहेत, त्या चपळ आहेत आणि थोडं पितात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, पाण्याचं इंजिन असेल, तर त्याचं नुसतं कौतुक करू नका. त्याचं झाकण उघडा. त्याला काय दुखतं ते बघा, आणि मग तेलाचा थेंब द्या. माझं झाकण अजून दर रविवारी उघडतं. आत डोकं घालते ती केशर.