टेम्पो उभा, पाखरू बसलेलं

संक्रांत झाली, किंक्रांतही टळली, आणि लोटू पाटलाने उधन्याच्या भाड्याच्या खोलीतला संसार टेम्पोत चढवला. पौषात घर बदलायचं म्हणून त्याच्या बायकोने, मालतीबाईने, आधीच नाक मुरडलं होतं. इथले गुजराती लोक कमुरता, म्हणजे त्यांचा अशुभ महिना, संक्रांतीला उतरला की नव्या घरात जातातच, आपण सुरतेत राहतो तर सुरतेचंच पंचांग धरू, असं सांगून त्याने तिला कशीबशी वळवली. तसा इलाजही नव्हता. जुन्या खोलीतून यांची शेवटची बादली बाहेर निघायच्या आत नव्या भाडेकरूची पहिली बादली आत गेली होती.

मालतीबाई टोपलीतले देव मांडीवर घेऊन ड्रायव्हर बळीरामच्या शेजारी बसली होती. टेम्पो नव्या घरासमोर आला, तिने मान वर केली आणि "ओ माय वं!" म्हणत गाडी थांबायच्या आतच खाली उतरली.

गच्चीवर, अँटेनाच्या खांबाला टेकून, एक दांडगा पक्षी बसला होता. गल्लीकडे पाठ, मान खांद्यांत ओढून घेतलेली. खालून दिसत होता नुसता काळपट गठ्ठा, घोंगडी पांघरून रुसून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

"गिधाड!" मालतीबाई म्हणाली. घरावर गिधाड बसलं की ते घर सोडायचं, हे तिने अमळनेरला माहेरी लहानपणापासून ऐकलं होतं. तिच्या चुलत्याने तर भरलं घर सोडून खळ्यात संसार मांडला होता. इथे अजून दाराला हातही लागला नव्हता.

"गरुड आहे," लोटूने ठोकून दिलं. "विष्णूचं वाहन. आपल्या आधी देव पोचला."

तेवढ्यात शेजारचा हेमराज दात घासत बाहेर आला. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. हे घर त्याला आपल्या मेहुण्यासाठी हवं होतं आणि ते लोटूने पटकावलं होतं.

"गिधाड," हेमराज म्हणाला, आणि मग मान वर करून बघितलं.

त्या सकाळी गल्लीत पक्ष्याकडे बघून मत दिलं ते एकट्या मालतीबाईने. बाकीच्यांनी आपापल्या गरजेकडे बघून दिलं.

"अरे, आकार बघ," लोटू म्हणाला. "गिधाड केवढं असतं? कोंबड्याच्या दुप्पट. हे बसलेलंच बकरीएवढं आहे. पंख उघडले तर तुझं घर झाकेल!"

"माझं कशाला? तुझंच झाकू दे."

"विष्णूला पाठीवर घ्यायचं म्हणजे जोर लागतो, भाऊ. खांदे बघ त्याचे."

"बसून राहिलेल्याचा जोर काय बघू?"

मालतीबाईच्या कपाळावर आठी दिसली की लोटू पक्ष्यात थोडी भर घालायचा. बकरीवरून पक्षी बोकडावर गेला, बोकडावरून वासरापर्यंत आला. आणि गंमत अशी की मालतीबाई विरघळू लागली. एवढं मोठं जनावर साधंसुधं नसणार, देवाचंच असणार. तिने टोपली सावरली आणि एक पाय पायरीवर ठेवला.

बळीराम वाशीमकडचा. त्याला पुढे सचिन गावाची दुसरी फेरी होती आणि इंजिनापेक्षा तोच जास्त तापला होता. काम लवकर मार्गी लागावं म्हणून त्याने मदतीला तोंड उघडलं.

"जा माय, जा आतमंदी. मी दोन्ही पाह्यले हायेत. आमच्याकडं मेल्या ढोरावर दोन्ही येतात. गरुडाचा पंजा म्हंजे काय, ससा धरला का सोडत नाही! जोर त्याचाच. अंगानं मात्र गिधाडापुढं गरुड म्हंजे पोरगंच. एवढं मोठं तर..."

तो थांबला. पण फार उशिरा.

"ऐकलंत ना वहिनी?" हेमराजचा चेहरा उजळला. "जितकं मोठं, तितकं गिधाड!"

मालतीबाईने पाय पायरीवरून काढून घेतला.

लोटूला आता वाढवलेलं सगळं कमी करायचं होतं. "एवढं मोठं कुठे आहे? थंडीने फुगून बसलंय. मागून ऊन आहे म्हणून तसं दिसतं. पिसं बाजूला केली तर घारीएवढंसुद्धा भरायचं नाही."

"मघाशी वासरू होतं," हेमराज म्हणाला.

"वासरू कोण म्हणालं?"

गल्ली खदखदून हसली. मालतीबाई हसली नाही. "घर लय मोठं आहे म्हणून सांगत होतात, ते बी असंच मोजलं होतं का?" तिने विचारलं. मग बळीरामकडे वळून म्हणाली, "भाऊ, मला स्टेशनावर सोड. भुसावळ गाडीने मी अमळनेरला जाते. या घरमा मी पाय ठेवाव नई."

सामान टेम्पोत, बायको माहेरी, जुन्या खोलीत परक्याची बादली. लोटूने हेमराजची शिडी न विचारताच उचलली आणि भिंतीला लावली.

"थांबा," मालतीबाई म्हणाली. "जवळून बघा आणि एकदाच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानते. पण मोजू नका. नुसतं सांगा."

लोटू वर चढला. पतंगाचा मांजा पक्ष्याच्या पंखात रुतून अँटेनाला गुंडाळला गेला होता. उत्तरायणाच्या पतंगबाजीपासून पक्षी तिथे अडकला असावा. चाहूल लागताच त्याने मान बाहेर काढली. उघडी काळी मान, खाली मळक्या पांढऱ्या लवेची कॉलर. चोच वासून तो धापा टाकत होता.

गरुड हा शब्द लोटूच्या जिभेवर तयार होता. त्याने खाली पाहिलं. मालतीबाई देवांची टोपली छातीशी धरून वर बघत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण 'तुम्ही म्हणाल ते मानते' असं ती कधी म्हणाल्याचं त्याला आठवेना.

"गिधाड शे," तो म्हणाला.

हेमराजने मांडीवर थाप मारली. मालतीबाई टेम्पोत जाऊन बसली.

लोटूने चिडून कारखान्यात लूमवर धागे तोडायची कातर खिशातून काढली आणि कठड्यावर पडलेलं पोतं पक्ष्यावर टाकून मांजा कापायला घेतला. पोत्याखालून निघालेल्या चोचीने त्याच्या मनगटाचा लचका घेतला. शेवटचा धागा तुटला तसं गिधाडाने पोतं झुगारलं आणि पंख उघडले. ते टाकीपासून कठड्यापर्यंत पोचले. लोटू मागे सरकून खालीच बसला. पक्षी जेमतेम उडाला, झुकला, आणि धप्पकन हेमराजच्या गच्चीवर जाऊन बसला.

गल्लीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"गरुड," हेमराज म्हणाला. "नीट बघा! पंजा बघा त्याचा!"

लोक इतके हसले की कोणाला दाराकडे बघायचं भान राहिलं नाही. दारात हेमराजची बायको सुषमा उभी होती. तिला सातवा महिना चालू होता. चौकट धरून ती हळूहळू खाली बसली आणि पोटावर हात ठेवून रडू लागली. हेमराज "गरुड आहे गं, गरुड आहे" म्हणत तिच्याभोवती फिरत राहिला, पण सकाळपासूनचं त्याचं बोलणं तिनेही ऐकलं होतं.

मालतीबाई टेम्पोतून उतरली, तिच्याजवळ जाऊन टेकली. "रडू नको वं पोरी. गरुड शे ते."

"तुमचे हे वरून गिधाड म्हणाले ना?"

"त्यांना काय कळतं? सकाळपासून त्यांनी त्याचं काय काय केलं, तू ऐकलं नाही?"

सुषमाने डोळे पुसले. "मग तुम्ही आत का नाही जात?"

मालतीबाईने गच्चीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं, हातातल्या देवांकडे पाहिलं. सुषमा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"जातेच आहे की," ती म्हणाली. "तू रडत होतीस म्हणून थांबले."

ती उठली, पदर सारखा केला आणि उजवा पाय टाकून आत गेली. बळीरामने कोणाची परवानगी न घेता सामानाचे दोर सोडायला सुरुवात केली.

लोटू खाली उतरून आत आला तेव्हा देव कोपऱ्यात पाटावर बसले होते आणि मालतीबाई छताकडे बघत उभी होती. शेजारून पंख आपटल्याचा आवाज आला. दोघंही दचकले.

"खरंच गिधाडच ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"केवढं होतं?"

लोटूने दोन्ही हात पसरले. आणखी पसरले, मग थोडे जवळ आणले, आणि कुठे थांबायचं ते त्याला कळेना. मालतीबाईने त्याचं रक्ताळलेलं मनगट पकडून खाली घेतलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "भिंत एकच आहे."