घाबरटाच्या हातच्या कुकीज

आमच्या बाबांनी वरच्या मजल्यावरच्या बाइंडरबाईंचं दार खांद्याने तोडलं, आत शिरून त्यांच्या ओव्हनचा प्लग काढला आणि मग आतल्या कुकीजवर बादलीभर पाणी ओतलं. प्लग आधी काढला आणि पाणी नंतर ओतलं, हे ते आजही अभिमानाने सांगतात. जणू मुद्दा तोच होता.

आग लागलेलीच नव्हती. ओव्हनच्या तळाशी लोण्याचा थेंब पडून जळला, थोडा धूर झाला आणि बाई बाथरूममध्ये असल्याने त्यांना बेल ऐकू आली नाही. एवढंच झालं होतं. पण बाबा जन्मभर आगीच्या बंबावर नोकरी करून निवृत्त झालेले. धूर दिसला की त्यांचं वय निम्म्यावर येतं आणि अक्कल त्याच्याही निम्म्यावर. बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आल्या, तेव्हा स्वयंपाकघरात तळं झालं होतं, त्यात ओट्स तरंगत होते आणि मधोमध उभे राहून बाबा म्हणाले, "घाबरू नका. परिस्थिती आटोक्यात आहे."

बाई घरीच पुस्तकं बांधतात, म्हणून बाइंडरबाई. बाबांना त्या बंबवाले म्हणतात. रोज संध्याकाळी जिन्याच्या वळणावर दोन खुर्च्या आणि मध्ये एक स्टूल टाकून दोघं पत्ते खेळायचे. खेळायचे कमी आणि भांडायचे जास्त. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहतात. त्यांचा अख्खा दिवस त्या एका डावाच्या आशेवर ढकलला जातो, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवसानंतर बाई खाली उतरल्याच नाहीत. बाबांनी स्वतः उभं राहून सुताराकडून नवं दार बसवून घेतलं, तेव्हा बाई नुसतं "हं" म्हणाल्या आणि दार नीट लागतं की नाही ते बाबांच्या तोंडावरच लावून पाहिलं.

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं," असं बाबा सुरुवातीला येता-जाता म्हणायचे. मग तेही बंद झालं. एकटेच टेबलावर पत्ते मांडून बसायला लागले. एकदा पाहते तर नको असलेलं पान गुपचूप गड्डीच्या तळाशी सरकवत होते.

"बाबा, स्वतःलाच फसवताय?"

"मग कुणाला फसवू? समोर आहे का कोणी?"

मी ते पान तळातून काढून परत वर ठेवलं.

शेवटी मीच त्यांना हाताला धरून वर नेलं. बाईंनी साखळी न काढता, दाराच्या फटीतून आमचं ऐकून घेतलं.

"माफी-बिफी मला नको," त्या म्हणाल्या. "माझ्या कुकीज हव्यात. ओट्स आणि चॉकलेटच्या, घरी केलेल्या. कडेला घट्ट आणि मध्ये मऊ. वाकवली तर वाकली पाहिजे, मोडता कामा नये. तशा आणल्यात तर पत्ते पिसते. नाहीतर तुमचे तुम्ही, आमचे आम्ही."

"त्या तशा झाल्यात हे ठरवणार कोण?" बाबांनी विचारलं. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस, दुसरं काय विचारणार.

"पुठ्ठा वाकतो की मोडतो, हे आयुष्यभर मीच ठरवत आलेय," बाई म्हणाल्या आणि दार लागलं. चांगलं बसवलं होतं सुताराने.

मी आधी सोपा मार्ग धरला. बेकरीतून कुकीज आणल्या, घरच्या डब्यात भरल्या आणि बाबांना वर पाठवलं. बाईंनी फटीतून एक घेतली, दोन्ही हातांत धरून वाकवली. ती टक्कन मोडली. बाईंनी दोन्ही तुकडे परत डब्यात ठेवून डबा बाहेर सरकवला. "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस," बाबा मला म्हणाले. जणू बादली मीच ओतली होती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा माझा आहे. मी फरशांच्या कारखान्यात भट्टी सांभाळते. खाण तशी माती म्हणतात, पण आमच्याकडे खाण आग विझवत फिरली आणि माती थेट भट्टीत जाऊन बसली. बाबांना जगातली प्रत्येक वस्तू पेटायच्या बेतात असल्यासारखी वाटते आणि मला ती अजून कच्ची वाटते. कच्ची फरशी काय करते ते मला विचारा. मी तिच्याबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकलेल्या आहेत.

कृती ओट्सच्या पाकिटामागे छापलेली होती. लोणी आणि ब्राउन शुगर एकत्र फेटली, अंडं फोडून घातलं, व्हॅनिला घातला, मग मैदा, चिमूटभर सोडा, ओट्स आणि शेवटी चॉकलेटचे तुकडे. त्यातले बरेच तुकडे बाबांनी तपासणीसाठी म्हणून खाल्ले. गोळे करून ट्रेवर मांडल्यावर मी शेवटची ओळ मोठ्याने वाचली: मध्यभाग कच्चा दिसत असतानाच बाहेर काढा.

"याने जन्मात भट्टी पाहिलेली नसणार," मी म्हटलं, आणि पाकीट केरात टाकलं.

बाबांना मी बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं आणि कुकीज माझ्या पद्धतीने भाजल्या. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा रंग चढला. पक्की भाजलेली फरशी नखाने वाजवली की टणकन वाजते. मी एक कुकी उचलून वाजवली, तीही टणकन वाजली. मी खूश झाले. पहिला घास नवऱ्याने घेतला. नवरा शांत स्वभावाचा आहे. "छान झालीय," म्हणाला, गालावर हात ठेवून उठला आणि आत जाऊन दातांच्या डॉक्टरांना फोन केला.

उरलेल्या वर नेल्या. बाईंनी एक दोन्ही हातांनी वाकवून पाहिली, मग गुडघ्यावर ठेवून पाहिली. तरी काही झालं नाही. "एक ठेवून घेते," त्या म्हणाल्या. "कागदांवर वजन म्हणून बरी आहे."

अति तेथे माती म्हणतात. माझी तर माती भाजलेलीही होती.

दुसऱ्या खेपेला बाबांनी स्वयंपाकघर सोडायला साफ नकार दिला. रबरी बूट चढवून आले. एका बाजूला वाळूची बादली, दुसऱ्या बाजूला पाण्याची, खांद्यावर ओलं गोणपाट, आणि ओव्हनसमोर स्टूल टाकून त्याच्यावर अशी नजर रोखली की मी ओव्हन असते तर गुन्हा कबूल केला असता.

कडेला जरासा रंग आला आणि ते म्हणाले, "लागली." ट्रे बाहेर. मी ट्रे आत सारला. त्यांनी काढला. मी सारला. त्यांनी परत काढला. अशा ओढाताणीत निम्म्या कुकीज पसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि उरलेल्या करपल्या. एकीतून धुराची बारीक रेघ निघाली मात्र, सगळ्या ट्रेवर गोणपाट येऊन पडलं.

माझं डोकं फिरलं. "बाबा, तुम्हाला या कुकीज करायच्यात की वाचवायच्यात?"

ते बुटांसकट स्टुलावर बसले.

"मला काहीच करायचं नाहीये ग," ते म्हणाले. "संध्याकाळ सरत नाही. टीव्ही लावतो, बंद करतो. पत्ते मांडतो. तुझी वाट बघतो, आणि तू येतेस ती दमून येतेस. तुझी चूक नाही त्यात. पण कोणीतरी समोर बसून माझ्यावर चिडायला हवं."

"मी चिडतेच की तुमच्यावर."

"तू उभ्याउभ्या चिडतेस. त्या बसून चिडायच्या."

मला वाईट वाटलं. आधीही वाटायला हवं होतं, पण मी दार, ओव्हन आणि बादली यांचाच हिशेब करत बसले होते. मी गोणपाट उचलून पिळलं. उरलेलं पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि म्हटलं, "उद्या सुट्टी आहे. परत करू."

दुसऱ्या दिवशी थंड पिठाचे गोळे ओव्हनमध्ये ठेवले आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. भट्टीत फरशा नेणारा पट्टा अडकला होता आणि सुट्टीवर असलेल्या माणसांची नावं लोकांना अशाच वेळी आठवतात. मी गॅलरीत जाऊन पट्ट्याबद्दल ओरडत होते. पट्टा परत चालू झाल्यावर आत आले, तर ओव्हन बंद. प्लग बाहेर. सगळ्या खिडक्या उघड्या. ट्रे ओट्यावर आणि ट्रेच्या पुढे दोन्ही हात पसरून बाबा.

मी त्यांच्या हाताखालून वाकून पाहिलं. कुकीज फिकट, फुगलेल्या, मध्ये ओलसर चमकणाऱ्या.

"या कच्च्या आहेत."

"कडेला लागायला लागली होती."

"लागत नव्हती बाबा, भाजत होती. सरका, आत ठेवू दे."

"नाही. आग विझली की जागा पूर्ण थंड होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वरून विझलेलं दिसतं, आत धग असते. नियम आहे."

"ही गोदामाची आग नाहीये. कुकीज आहेत."

"गोदाम बघून नियम बदलत नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा सुंभ तर कुणाला काही जळूच देत नाही. मी रागारागाने चहा ठेवला, रागारागाने गाळला आणि त्यांच्यासमोर आपटला. त्यांनी तो पहाऱ्यावरून न हलता उभ्याने प्यायला. मी दुसरीकडे बघत बसले, पण शेवटी नजर ट्रेकडे जायचीच. फुगलेल्या कुकीज हळूहळू खाली बसत होत्या. अंगावर सुरकुत्या पडल्या. मधली चमक गेली. कडा घट्ट झाल्या. बंद दारामागे आग आहे का ते पाहायला बंबवाले हाताची उलटी बाजू दाराजवळ नेतात, तशी बाबांनी ट्रेजवळ नेली.

"आता लाव हात."

मी एक उचलली. ती माझ्या बोटांवर वाकली आणि वाकलेलीच राहिली, मोडली नाही. सवयीने नख मारून पाहिलं, काहीच वाजलं नाही. अशी फरशी आली असती तर मी कारखाना थांबवला असता. मी तुकडा तोंडात टाकला. कड आधी हलकेच तुटली, मग आतला मऊपणा दातांना थोडा चिकटला, ओट्स चावावे लागले आणि चॉकलेट आपोआप विरघळलं. मी नुसती चावतेय हे पाहून बाबांची नजर बादलीकडे गेली.

"बादली राहू दे," मी म्हटलं. "डबा काढा."

पाकिटावर लिहिणाऱ्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्याने मागायची माझी पद्धत नाही.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि वर निघाले. बूट काढायचं विसरले ते मला जिन्यात कळलं, पण तोवर बाईंनी दार किलकिलं केलं होतं. फटीतून हात आला. कुकी आत गेली. बाईंनी ती वाकवली, मग उलट्या बाजूने वाकवली, उजेडात धरून पाहिली. मग साखळी निघाली. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी अख्खी कुकी खाल्ली, सावकाश, आम्हाला ताटकळत ठेवून.

"ओव्हनमधून कोणी काढल्या?"

आम्ही दोघांनी, असं मी म्हणणार होते.

"मी," बाबा म्हणाले. "घाबरलो म्हणून काढल्या. कच्च्या असतील बहुतेक. ही म्हणत होती परत आत ठेवा."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कागदांवर ठेवायच्या लायकीचीच उरले.

"धीट माणसाला या जमत नाहीत," त्या म्हणाल्या. "या घाबरटाच्याच हातच्या चांगल्या होतात."

त्या आत गेल्या. बाबा डबा छातीशी धरून उभे. बाई परत आल्या तेव्हा एका हातात पत्त्यांची गड्डी होती आणि दुसऱ्या हातात पुस्तकं शिवायच्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली.

"सुतार दोन देऊन गेला होता," त्यांनी किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. "ही तुमच्याकडे राहू दे. परत धूर दिसला तर खांदा वापरायचा नाही."

त्या संध्याकाळी जिन्यात इतकं भांडण झालं की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर येऊन बघून गेले. बाबा हरून घरी आले. किल्ली टेबलावर ठेवली, परत उचलली, खिशात टाकली, परत काढली.

"नोकरीत इतकी दारं तोडली ग," ते म्हणाले. "किल्ली कोणी दिली नव्हती." मी त्यांना बूट काढायला सांगितलं.

काल वरून लोण्याचा वास आला आणि मागोमाग थोडा धूरही. बाबा एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन निघाले. मी दारात आडवी झाले.

"बादली खाली ठेवा."

त्यांनी ती माझ्यासमोर धरली. कोरडी होती, घासून पुसलेली, तळाशी स्वच्छ कापड अंथरलेलं.

"कुकीजना डबा लहान पडतो," ते म्हणाले, आणि बेल वाजवायची की सरळ किल्लीनेच दार उघडायचं याचा विचार करत जिना चढायला लागले.